बांध कशानं फुटला

त्या वर्षी श्रावणातल्या अमावस्येच्या उधाणाला आमच्या गावचा बांध फुटला. गाव कळव्याच्या बाजूला, खाडीला लागून. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती, मध्ये पावसाचं पाणी खाडीत सोडायचं दार, त्याला उघाडी म्हणतात. खारं पाणी एकदा आत शिरलं की ती जमीन दोन-तीन वर्षं नीट पिकत नाही. या बांधाची राखण आजोबांपासून आमच्या घरात होती. रोज बांधावरून फेरी मारायची आणि खेकड्यांनी पाडलेली भोकं चिखलानं बुजवायची, हे राखणदाराचं काम. त्याबद्दल सुगीला घरोघरून एकेक सूप भात मिळे. पण भातापेक्षा मान मोठा होता. होळीत पहिला नारळ राखणदार टाकायचा.

मी त्याच जूनमध्ये मुंबईच्या कॉलेजात जाऊ लागलो होतो. आमच्या गावातून कॉलेजात गेलेलो मी पहिलाच.

बांध फुटल्यावर देवळासमोर गावकी बसली. वडिलांचे एक चुलत भाऊ गावकीचे पुढारी होते. मी त्यांना काका म्हणत असे. ते म्हणाले, "याच्या बापानं राखन केली, बांध फुटला नाय. यानं बी इतकी वरसं केली, फुटला नाय. यंदा पोऱ्या कालेजात गेला, न बांध फुटला. आता आनकी काय सांगू?"

लोकांनी माना डोलावल्या. काका पुढं म्हणाले,

"याची नजर बांधाव व्हतीच कंदी? पोऱ्याला सायेब करतंय ना यो."

मागं कोणीतरी हसलं. वडील जमिनीकडे बघत बसले होते. राखण आमच्याकडे ठेवायची की काढायची, ते होळीआधी ठरवायचं असं गावकीनं सांगितलं आणि लोक उठले.

वडिलांचं ते खाली घातलेलं डोकं मला पुढं कित्येक दिवस दिसत राहिलं.

कॉलेजात तर्कशास्त्राचा तास असायचा. पुस्तक इंग्रजी, मला निम्मंच कळायचं. पण एके दिवशी प्राध्यापक मराठीत म्हणाले, "एक गोष्ट दुसरीच्या आधी घडली, एवढ्यानं ती तिचं कारण ठरत नाही. आपल्याकडे म्हणतातच, कावळा बसायला आणि फांदी मोडायला." वर्ग हसला. माझे कान मात्र तापले. काकांची गचांडी धरून कोणीतरी त्यांना माझ्यासमोर उभं केलंय, असं मला वाटलं.

त्या दिवसापासून मी एक वही केली. गावात काका जे बोलतील ते घरी येऊन लिहायचं आणि त्यात कुठली खोट आहे ती शोधायची. काकांनी निराशा कधी केली नाही. तलावावर कोणाशी वाद झाला, तर ते म्हणाले, "मना खोटा म्हनारा अजून जल्माला आयला नाय. म्हंजे मी खरा." एकाला म्हणाले, "तुजा बाप दारू प्यायचा, तू मना शेतीचा काय शिकवतंस?" हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. परीक्षेचा अभ्यास म्हणून नव्हे. मिठागराच्या रिकाम्या वरंब्यावर एकटा उभा राहून मी काकांना उत्तरं द्यायचो, आणि प्रत्येक उत्तरानंतर ते कसे खाली बघतील ते डोळ्यांपुढं आणायचो. नुसतं त्यांना हरवून माझं समाधान झालं नसतं. वडील बसले होते तसंच ते सगळ्यांसमोर बसलेले मला बघायचे होते.

होळीच्या आधी गावकी पुन्हा बसली. काकांनी तेच सांगितलं आणि वर विचारलं, "एक तर दर्या खोटा, नायतर राखन्या खोटा. सांगा, कोन खोटा?"

दर्याला खोटं कोण म्हणणार?

मी उठलो. पहिलं वाक्य मी पुस्तकी भाषेत बोललो असणार, कारण काका म्हणाले, "अरं, घरातला बोल. मास्तर नको बनू."

मग मी घरातलंच बोललो. "काका, त्याच वरसाला तुमच्या घराव नवीन कौलां चरली. न बांध फुटला. कौलांनी फुटला का?"

एक म्हातारी मागून म्हणाली, "भार झाला आसल गो बाय."

सगळी गावकी हसली. काकांचा चेहरा मी टक लावून बघत होतो. असं सुख मला त्याआधी मिळालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पुढं डिग्री मिळाली तेव्हाही मिळालं नाही. मी थांबलो नाही. दर्या आणि राखण्या सोडून तिसरं काही असूच शकत नाही का, असं विचारलं. चैत्रात बांधावर माती टाकायला घरटी एक माणूस येतो, त्या वर्षी किती आले, तेही विचारलं.

"मंग तूच सांग ना शाण्या," काका म्हणाले, "बांध कशानं फुटला?"

"मना म्हाईत नाय. तुमाला बी म्हाईत नाय. येवराच मी सांगतंय."

हे मी फार ठसक्यात बोललो. तेव्हा गावकीतला सगळ्यांत वयस्कर माणूस म्हणाला, "पोऱ्या बरोबर बोलतंय. दोघांना बी म्हाईत नाय. मंग जो बांधाव व्हता त्यालाच इचारू." आणि त्यानं मिठाचं मडकं आणायला सांगितलं.

आमच्याकडे गावकीपुढं खरं बोलायचं तर मुठीत मीठ धरतात. इतक्या महिन्यांत ते वडिलांना कोणी धरायला लावलं नव्हतं. काकांना तशी गरजच वाटली नव्हती.

वडिलांनी मूठ भरली.

"भोक मी पायलेला," ते म्हणाले. "उघाडीच्या बाजूला. दुपारी पायला. सांजचा बुजवू बोललो, न याला आनाया ठान्याच्या ठेसनाव गेलो. याच्यापाशी पुस्तकां व्हती. परत आयलो तवर भोकाव पानी चरलेला."

पुस्तकांचं गाठोडं वडिलांनी त्या संध्याकाळी खाडीच्या पुलावरून डोक्यावर आणलं होतं. मी त्यांच्या बाजूनं मोकळ्या हातांनी, कॉलेजच्या गमती सांगत चाललो होतो. त्या गाठोड्यात तर्कशास्त्राचंही पुस्तक होतं. काकांच्या बोलण्यातली खोट दाखवता येते, म्हणजे काकांचा आरोपच खोटा, असं मी धरून चाललो होतो. हीसुद्धा चूकच, आणि ती त्याच पुस्तकात दिलेली आहे. मी ते पान वाचलं होतं.

काका सावकाश उठले. "पोऱ्यानं सवाल केले, बापानं जबाब दिला. आमाला काय कामच नाय उरला." या वेळी लोक जास्त हसले.

राखण काकांच्या मुलाकडे गेली. घरी जाताना वडील एवढंच म्हणाले, "बोललास मातर ब्येस." माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवलं नाही.

काकांना मी अजून क्षमा केलेली नाही. ते खरे निघाले, पण भोकाबद्दल त्यांना काडीचीही माहिती नव्हती. अंदाजानं भिरकावलेला दगड लागला, आणि लोकांनी त्याला नेम म्हटलं. हे मी कोणाला समजावणार? ऐकणारा म्हणाला असता, लागला ना?

पुढची तीन-चार वर्षं प्रत्येक अमावस्या-पुनवेच्या उधाणाला मी सकाळी उठून आधी बांधाकडे बघायचो. तो फुटावा, काकांच्या मुलाच्या राखणीत फुटावा, आणि गावकी बसावी, असं मला मनापासून वाटायचं. आमचंही शेत त्याच बांधाच्या आत होतं. वडील त्यात पुन्हा भात लावत होते. तरीही वाटायचं. बांध काही फुटला नाही.