आमच्या तुरुंगातून कोणी पळालं नाही

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. एका जागी पुष्कळ वर्षं बसून राहिलं की ते आपोआप साचतात. मग एखाद्या लग्नाच्या पंगतीत शेजारचा विचारतो, ‘‘तुम्ही म्हणे तुरुंगात होता?’’ होतो की! भोरच्या काळ्या कोठीत, संस्थान होतं तेव्हापासून ते संस्थान गेलं तोवर. कारकून म्हणून होतो, पण हे दुसरं वाक्य ऐकायला कुणी थांबत नाही. पंगतीत माझ्या शेजारचा पाट बहुधा रिकामाच राहतो.

काळ्या कोठीची बदनामीच तशी होती. पूर्वी ते भाताचं कोठार होतं, त्यामुळे खिडक्या नाहीत आणि भिंती दोन हात जाड. वेल्ह्याच्या खोऱ्यात बांधावरून भांडण पेटलं आणि कुणी नुसतं ‘‘कोठी दावू का?’’ म्हटलं, की उगारलेली काठी खाली यायची. आत गेलेला माणूस परत आल्यावर ओळखू येत नाही, असं लोक सांगत. खरंच होतं ते. आमचा न्हावी वर्षातून दोनदाच यायचा!

आमचे जेलर अप्पासाहेब. मी लागण्यापूर्वी, त्यांच्या आधीच्या जेलरांच्या हातून एक कैदी पळाला, तर त्यांना आठवड्यात घरी बसवलं होतं. घरी तरी कसलं, घरही नोकरीचंच, ते बिऱ्हाड रस्त्यावर आलं. अप्पासाहेब चार मुलींचे बाप. त्यांना जन्मभर एकच धास्ती: आपला कैदी पळता कामा नये. ते दिवसातून सहा वेळा कैदी मोजायचे. जेवताना पानातल्या पोळ्याही मोजतात, असं त्यांच्या मंडळींनी आमच्या घरी येऊन सांगितलं होतं.

* * *

एका पावसाळ्यात कोठीची नदीकडची भिंत बसली. तीन बाजूंना तुरुंग आणि चौथ्या बाजूला थेट नीरा! दुरुस्तीचा कागद वर गेला आणि वरच राहिला.

अप्पासाहेबांनी भिंतीच्या जागी चुन्याची रेघ मारून घेतली आणि सगळ्या कैद्यांना समोर बसवून सांगितलं, ‘‘ही भिंत आहे.’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या दरवाजाला मात्र दोन शेर वजनाचं कुलूप आणि बाहेर बंदूकवाला शिपाई, सगळं रीतसर. पावसाने रेघ धुऊन गेली की कैदीच ती पुन्हा मारायचे.

दसऱ्याच्या सुमारास वरून एक अधिकारी आले. त्यांनी रेघ पाहिली, पलीकडची नदी पाहिली आणि त्यांना घाम फुटला. एका म्हाताऱ्या कैद्याला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, ‘‘खरं सांग, इकडून कधी जावंसं वाटलं नाही?’’

‘‘हिकडनं कसं जायाचं, सायेब?’’ म्हातारा म्हणाला. ‘‘दार तिकडं हाय न्हवं!’’

भिंत पंधरा दिवसांत उभी राहिली.

* * *

ते दोन शेरांचं कुलूप एकदा आमच्यावर उलटलं. कैदी दिवसभर रस्त्याची खडी फोडायला जायचे. एका संध्याकाळी तुकाराम शिपाई नऊ जणांना घेऊन परत आला, किल्ली फिरवली आणि ती कुलपातच मोडली. मी आणि अप्पासाहेब आत, कैदी बाहेर, वरून धो धो पाऊस.

अप्पासाहेब आतून ओरडले, ‘‘दिवे लागल्यावर जो बाहेर, तो पळाला असं लिहावं लागतं! नियम आहे!’’

हे ऐकून कैद्यांचं धाबं दणाणलं. ‘‘सायेब, आमाला आत घ्या वो!’’ म्हणत नऊच्या नऊ जण दार बडवायला लागले. निम्मं भोर छत्र्या घेऊन बघायला जमलं. शेवटी कुणीतरी देवळातली शिडी आणली आणि एकेक कैदी चौकाच्या भिंतीवरून आत उड्या टाकू लागला. अप्पासाहेब खाली उभे राहून मोजत होते.

आठ झाले. नववा भिंतीवर टांग टाकून बसला होता, तेवढ्यात गावात नवे आलेले फौजदार शिट्टी फुंकत धावत आले. ‘‘थांब! पळतोस काय रे?’’

‘‘व्हय, सायेब,’’ तो म्हणाला, ‘‘पर आत!’’

* * *

कोठीत कैदी जात्यावर गावाचं दळण दळायचे, आणि ते दळण नामी होतं. त्यातही शेळी चोरून आलेल्या किसनचा हात असा, की त्याची चकलीची भाजणी गावातल्या सगळ्या वकिलांच्या आणि अंमलदारांच्या घरी जायची. डबे घेऊन गडीमाणसांची रांग लागायची. किसनलाही भारी अभिमान. ‘‘डाळ जरा कमी भाजलीया, बाईस्नी सांगा,’’ असा निरोप आतून बाहेर जायचा.

त्याची शिक्षा संपली ती नेमकी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. किसन सुटला आणि भोरात सुतक पडलं. त्याला शिक्षा देणारे न्यायाधीश आमच्या शेजारीच राहत. भिंत पातळ होती, त्यामुळे त्यांच्या मंडळींचा आवाज मी स्वतः ऐकला आहे.

‘‘एवढे कायदे शिकलात, पण तारीख बघून शिक्षा द्यायचं तेवढं कळलं नाही!’’

* * *

चळवळीच्या वर्षात वेल्ह्याकडून सात जण चालत आले आणि कोठीसमोर घोषणा देत उभे राहिले. त्यांना अटक व्हायचं होतं. पोलीस सगळे आठवडे बाजारात दुसऱ्या सत्याग्रहींना पकडायला गेलेले.

अप्पासाहेब घाबरून बाहेर आले. ‘‘वॉरंट आहे का?’’

‘‘वारंट न्हाई. पर दोन डोंगूर उतरून आलोय,’’ त्यांचा पुढारी म्हणाला.

‘‘अहो, कागदाशिवाय आत घेतलं आणि तुमच्यातला एखादा निघून गेला, तर मी काय करू?’’

सातही जण तिथेच बसले. भाकऱ्यांची फडकी सोडली, आम्हालाही चटणी देऊ केली. तासाभराने पुढारी अगदी कळवळून म्हणाला, ‘‘बरं, मंग येवढं तरी लिवून द्या, का आमी आल्तो, आन् तुमीच घेतलं न्हाई. गावात तोंड कसं दावायचं?’’

मला वाईट वाटलं. माझ्या चांगल्या अक्षरात मी तसं लिहून दिलं, अप्पासाहेबांनी खाली सही केली. पुढाऱ्याने कागद उलटसुलट करून पाहिला.

‘‘शिक्का?’’

* * *

आता हा एक सांगतो आणि उठतो.

संस्थान गेलं त्या वर्षीच्या पावसाळ्यात पुण्याहून नवे साहेब कोठीचा चार्ज घ्यायला आले. अप्पासाहेबांच्या निवृत्तीला एक महिना उरला होता. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. एवढा महिना निभावला की गंगेत घोडं न्हालं, असं ते रोज म्हणायचे.

साहेबांनी अकरा कैदी ओळीने उभे केले आणि रजिस्टरातलं वर्णन वाचून एकेकाला पडताळायला लागले. हे आजवर कुणी केलंच नव्हतं. आम्ही डोकी मोजायचो.

‘‘दगडू, राहणार पाली, वेल्ह्याजवळ. वय अठ्ठावीस, केस काळे, डाव्या गालावर व्रण.’’

‘‘हजर!’’ म्हणत जो पुढे झाला, त्याच्या तोंडात एकही दात नव्हता आणि मिशा पांढऱ्याशुभ्र होत्या.

‘‘दगडू कुठे आहे?’’

‘‘लावणीला गेलाय. म्या त्येचा बाप.’’

तुकाराम शिपाई छाती काढून पुढे आला. ‘‘बदली मानूस घेतल्याबिगर म्या त्येला भाईर पाय ठिवू दिला न्हाई, सायेब!’’

आमच्याकडे भातलावणीला इर्जिक असते. सगळं गाव मिळून एकेकाचं खाचर लावतं आणि त्यासाठी घरटी एक माणूस द्यायचा. थोरला नाही तर धाकटा, तो नाही तर बाप. घरचा कुणी आला की झालं. दगडूला झालेली आठ महिन्यांची शिक्षाही त्या घराने तशीच धरली होती. म्हाताऱ्याला वाकून लावणी जमेना, पण तुरुंगात बसणं जमत होतं. तुकाराम स्वतः वरवे गावचा शेतकरी, त्यालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. बारा दिवस अकरा डोकी बरोबर भरत होती, आणि अप्पासाहेब ती दिवसातून सहा वेळा मोजत होते!

‘‘म्हणजे कैदी पळाला,’’ साहेब म्हणाले.

अप्पासाहेब पुन्हा डोकी मोजायला लागले. म्हातारा मात्र खवळला. ‘‘पळाला कसा म्हन्ता? आमच्या घरात पळायची रीत न्हाई!’’

‘‘उद्या दिवस मावळायच्या आत दगडू इथे उभा पाहिजे. नाहीतर मी तसं लिहिणार.’’

तुकाराम तसाच पालीला धावला.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून अप्पासाहेब दरवाजात उभे होते. जेवले नव्हते. ‘‘इतक्या वर्षांत एक नाही हो, एकही नाही,’’ एवढंच पुटपुटायचे. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. आत साहेब रजिस्टर उघडून, टाक हातात घेऊन बसलेले.

दिवस मावळायला थोडा अवकाश होता, तेव्हा रस्त्याच्या वळणावर एक माणूस दिसला. डोक्यावर इरलं, गुडघ्यापर्यंत चिखल, डाव्या गालावर व्रण. एकटाच होता. तो सरळ आत आला, साहेबांना रामराम केला, बापाच्या पाया पडला आणि ओळीत अकरावा जाऊन उभा राहिला. अप्पासाहेब भर चौकात रडायला लागले.

साहेबांनी टाक खाली ठेवला. मग दरवाजाकडे बघत विचारलं, ‘‘आणि तुला आणायला गेलेला शिपाई?’’

‘‘त्यो व्हय?’’ दगडू म्हणाला. ‘‘बा हितं, म्या हितं. मंग आमच्या घरचा येक मानूस नगं का तिकडं? त्येला लावून आलोय लावणीला!’’