मिठाची किटबॅग

त्या वर्षी आमची फील्ड कंपनी सीमेवर होती आणि मी सुट्टीवर, पेणजवळच्या आमच्या गावी. सुट्टीचे पंचवीस दिवस उरले होते. युनिटला परतल्यावर चौथ्या दिवशी बॉक्सिंगची ट्रायल होती. साठ किलो वजनात जागा एकच. जिंकणारा दीड महिना ब्रिगेडच्या कॅम्पला जाणार, हरणारा कंपनीबरोबर राहणार. मी साधा सॅपर, सुरुंग-पुलांची कामं करणारा शिपाई. नोकरी तीन वर्षांची, बॉक्सिंग जेमतेम सहा महिन्यांचं. त्या एका जागेपायी माझा जीव टांगणीला लागला होता.

दुसरे उमेदवार कासम, हुद्द्याने नाईक, रोह्याचे. आठ वर्षांची नोकरी, त्यातली चार युनिटच्या टीममध्ये. तेही तेव्हा सुट्टीवर होते.

आमचा धंदा मिठागराचा. एका अवकाळी सरीत महिन्याची मेहनत विरघळून जाते हे लहानपणापासून पाहिलेलं. आम्ही आभाळाचाही भरवसा धरत नाही, माणसाचं तर सोडाच. मी त्यातही दोन पावलं पुढे. न मागता कुणी चांगलं सांगितलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न, याचा यात फायदा काय?

सरावाला बॅग हवी होती. घरात मीठ सोडून दुसरं होतं काय? जुनी किटबॅग घेतली, मीठ ठासून भरलं आणि दोरखंडाने पडवीच्या तुळईला टांगली. सकाळी साडेपाचला दोन मैल धावायचं, सहा ते सात बॅग. पावसाळ्याचे शेवटचे दिवस, हवा दमट. आठवड्याभरात बॅगेतून खारं पाणी ठिबकायला लागलं. मग पाऊस उघडला, ऊन तापलं आणि आतलं मीठ आवळून धोंडा झालं. मला ते आवडलं. बॅग कडक तर हात कडक, असं माझं शहाणपण.

अशाच एका सकाळी कासमभाई दारात उभे. रोह्याहून नागोठणे, तिथे गाडी बदलून पेण, पुढे चालत. काय काम काढलंत विचारलं, तर म्हणाले, सहज. सहज कोण येतो एवढ्या लांब? हा माणूस माझी तयारी बघायला आलाय, मी मनात नोंद केली. आईने त्यांना भाकरी आणि सुकट वाढली. खाऊन झाल्यावर म्हणाले, एक राउंड मारून दाखव. मी तीन मिनिटं मुद्दाम निम्म्या जोराने मारलं. सगळं कशाला दाखवायचं?

त्यांनी बॅगवर हात फिरवला आणि बोट जिभेला लावलं.

"मीठ भरलंस?"

"हो."

"मनगट जाईल. रिकामी कर."

मग पडवीत उभं राहून त्यांनी समजावलं. बॅगेत जुने कपडे आणि भाताचा तूस भरायचा, म्हणजे ठोसा आत जातो आणि हाडाला मार बसत नाही. माझा ठोसा हा ठोसाच नव्हता, धक्का होता. बॅग लांब झोके घेत होती. हात लागला की लगेच मागे ओढायचा, बॅग जागच्या जागी हादरली पाहिजे. आणि डावा हात ज्या वाटेने गेला त्याच वाटेने हनुवटीशी परत आणायचा, मी तो कमरेपर्यंत खाली पाडत होतो. एवढं सांगून, पाणी पिऊन ते दहाच्या गाडीला गेले.

मी त्यातलं एकही केलं नाही. मऊ बॅगेवर सराव करायला सांगतोय, म्हणजे माझे हात मऊ पडावेत. सरळ डाव आहे! दुसऱ्या दिवशी त्याच मिठावर पूर्ण ताकदीने मारलं. तिसऱ्या दिवशी उजवं मनगट असं सुजलं की तांब्या उचलेना. ट्रायलला पंधरा दिवस उरले होते. मी पडवीत बसून चक्क रडलो. आई गरम हळदीचा लेप लावत होती. तिने एवढंच विचारलं, "येवरे लांबशी मानूस आला, तो काय खोटा सांगाला आला?"

मीठ तिने नारळांच्या बुंध्याशी ओतलं. मी गिरणीतून तूस आणला, फाटक्या गोधड्या कोंबल्या. सूज उतरेपर्यंत सहा दिवस फक्त डाव्याने मारलं. संशय गेला नव्हताच. एकेक सल्ला वेगळा करून, उलटसुलट तपासून पाहिला. तिन्ही बरोबर निघाले. बॅग झोके घ्यायची थांबली आणि धप् असा भरीव आवाज यायला लागला. तेव्हा माझा संशय आणखी वाढला. तीन खऱ्या गोष्टी सांगितल्या, म्हणजे चौथी नक्की लपवली असणार.

युनिटला परतल्यावर ट्रायलच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना कुकहाउसमागे गाठलं आणि तोंडावरच विचारलं, "कासमभाई, मला का शिकवलंत?"

"तू बॅग ढकलत होतास. बघवत नाय."

"आणि तुमची जागा?"

"ती उद्या रिंगमधी बघू."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बाउट झाली. पहिला राउंड त्यांचा. माझ्या नाकातून रक्त आलं. दुसरा बरोबरीत. तिसऱ्यात डावा हनुवटीशी परत आणता आणता मी उजवा सोडला आणि ते खाली बसले. रेफरीने आठपर्यंत मोजलं. ते उठले, लढले, पण निकाल माझा लागला.

खुश व्हायला हवं होतं. तंबूत कुणीतरी हसत म्हणालं, आपल्या मुलखातला पोरगा म्हणून नाईकने जागा सोडली. झालं. माझ्या डोक्यात किडा शिरला. चार वर्षांत ज्याचा गार्ड हलला नाही, त्याला माझा उजवा लागतोच कसा? कुणाची दया मला नको होती. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी कॅम्पला जाणाऱ्या ट्रकमध्ये बसलो, तेव्हा ते मागच्या फळीपाशी आले.

"म्हात्रे, डावा खाली पाडू नको."

मी तोंड फिरवलं. ट्रक निघाला.

तेव्हा कंपनीकडे जमिनीत पुरलेल्या जुन्या माइन्स, म्हणजे सुरुंग, उचलण्याचं काम होतं. काम रोजचं, ठरलेलं. सहाला चहा, साडेसहाला पार्टी लेनमध्ये, म्हणजे आखून दिलेल्या पट्ट्यात, गुडघ्यावर बसून जमीन टोचत इंच इंच पुढे. पार्टीत दोन नंबर, म्हणजे जमीन टोचणाऱ्याचा, माझा होता. मी कॅम्पला गेल्यावर तो नंबर कासमभाईंना मिळाला. मी हरलो असतो तर मीच असतो तिथे. पावसाने माती सरकली होती आणि नकाशातल्या माइन्स जागेवर राहिल्या नव्हत्या. अकराव्या दिवशी सकाळी सात चाळीसला स्फोट झाला. वायरलेस सेटवर जो ऑपरेटर होता, त्याने मला नंतर सगळं सांगितलं.

"लेनमध्ये स्फोट. एक जखमी. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"स्ट्रेचर निघालं. ओव्हर."

चार मिनिटं काही नाही. मग पुन्हा लेनमधला तोच आवाज.

"स्ट्रेचरला घाई नको. आउट."

कॅम्पवर आम्हाला दुपारी एकला कळलं. आमचे ट्रेनर सुभेदार साहेब म्हणाले, आज सराव बंद. मी तरीही बॅगपाशी गेलो. मारता आलं नाही.

चार महिन्यांनी सुट्टी मिळाली तेव्हा घरी एक दिवस राहून रोह्याला गेलो. त्यांचं घर बाजाराच्या मागच्या आळीत. वडील ओटीवर बसले होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी आत बोलावलं, चहा मागवला. त्यांनी रडावं, मला बोल लावावा, म्हणून मी गेलो होतो. तसं काहीच झालं नाही. शेवटी मीच बोललो. म्हटलं, चाचा, त्यांच्या जागी मी असायला हवा होतो. ट्रायल मी जिंकलो म्हणून ते तिकडे गेले. आणि मला वाटतं, ते जाणून हरले.

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "जाणून? कासम? लहानपणी गोट्यांत हरला तरी दोन दिस जेवायचा नाय."

त्यांनी मुलीला हाक मारली. ती कासमभाईंची धाकटी बहीण. तिने फडताळातून एक आंतर्देशीय पत्र आणलं आणि उभ्याउभ्या वाचलं. ट्रायलनंतरच्या आठवड्यात लिहिलेलं होतं. घरची विचारपूस, भाताची चौकशी आणि खाली चार ओळी.

"पेणवाल्या म्हात्रेने मला खाली बसवला. फार राग आला हाय. त्याचा उजवा मला दिसलाच नाय. कॅम्पवरून आला की कुठून मारतो ते त्याला विचारीन. सांगेल का ते ठाऊक नाय, लय संशयी माणूस हाय."

तिने पत्र घडी करून ठेवलं. वडिलांनी मला दुसरा कप चहा घ्यायला लावला.

नाईक कासम, राहणार रोहा, वय अठ्ठावीस. पुढे मी नऊ वर्षं युनिटकडून लढलो, नंतर पोरांना शिकवलं, आणि तो उजवा कसा मारायचा हे विचारील त्याला सांगितलं. पण त्या वेळी, कॅम्पवरून परत आल्यावर, त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला आजही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.