घंटा सापडली, मग हरवली

आमच्या घरातून कॉलेजापर्यंत पोचलेला मी पहिलाच. वसतिगृहात कुणी विचारलं, वाचनाची गोडी कशी लागली, तर मी जरा अडखळतो. कारण माझं पहिलं पुस्तक मी उलट्या बाजूनं वाचलं होतं.

पेडगावच्या आमच्या मदरशात सगळं उर्दूत चाले. मराठी अक्षरं मला मामानं एका उन्हाळ्यात शिकवली. तो सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं एक चित्रांचं पुस्तक आणलं. दहा छोटी प्रकरणं. डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर ठळक अक्षरांतला मजकूर. पोळ्याच्या आदल्या दिवशी एका बैलाच्या गळ्यातली घंटा नाहीशी होते आणि दोन भावंडं तिचा छडा लावतात, अशी गोष्ट.

"हे एकट्यानं वाच," मामा म्हणाला. "चार दिवसांनी येतो. वाचता आलं तर सेलूच्या शाळेत घालतो. माझ्याकडंच राहायचं."

"आन् न्हाई आलं तर?" आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी विचारलं. त्यांना अक्षरओळख नव्हती.

"तर तुमची गुरं हायतच की, दाजी!"

गुरं मला आवडत. पण सेलूला जायचंच होतं.

चार दिवस मी बोट ठेवून वाचलं. एका ओळीला कितीतरी वेळ लागे. पहिल्याच पानावर खाली 'समाप्त' असं होतं. ते मला पुस्तकाचं नाव वाटलं. त्या पानावर घंटा सापडली. घंटेच्या मालकानंच चोराच्या भीतीनं ती कडब्याच्या गंजीत लपवली होती आणि तो विसरून गेला होता. पुढे पुढे मात्र तीच घंटा सगळे शोधत होते. मला वाटलं, पुण्याकडच्या लोकांच्या गोष्टी अशाच असतील.

मामा आला. "बोल, घंटा कुणी घेतली?"

"मालकानंच!"

"भावंडांनी कसं ओळखलं?"

मला सांगता येईना. मामाचा चेहरा उतरला. "शेवटचं चित्र बघितलंस ना? मला फसवायलास?"

"न्हाई, मामा! सुरुवातीपासून वाचायलोय," मी रडकुंडीला येऊन म्हणालो आणि पुस्तक उघडून दाखवलं. उर्दूची किताब उघडतात तसं, उजवीकडून.

मामा इतका हसला की त्याची टोपी पडली. "आरं, मराठी पुस्तक डावीकडून उघडतात! हे सांगायचं मीच विसरलो." मग तो म्हणाला, "पण सकाळी मला जायचंय. आता मोठ्यानं वाच. आमी ऐकतो."

लिंबाखाली बसून मी पहिल्या प्रकरणापासून वाचू लागलो. अडलो की मामा काही सांगत नसे; नुसता थांबे. आबा मात्र चित्रात डोकं घालत. तिसऱ्या प्रकरणात दुकानदार आला.

"ह्योच चोर," आबा म्हणाले. "पोट बघा की त्याचं!"

"पोटावरून चोर ठरतो व्हय, दाजी?"

"डोळे बी तसलेच हायत."

मला उत्तर माहीत होतं. हसू दाबताना एकदा माझी ओळच चुकली. कडुसं पडून अंधारू लागलं तेव्हा नववं प्रकरण संपलं. ते भावंडांना कडब्यात घंटेचा तुटका गोंडा सापडतो तिथं संपतं. भावंडांनी कसं ओळखलं, हा मामाचा प्रश्न तिथंच सुटला. "येतंय पोराला," तो म्हणाला. "उद्या संगं नेतो."

मी पान उलटलं, तर आबांनी पुस्तकावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे. दिवाळीला येशील तवा वाच."

मी सेलूला गेलो. पुस्तक घरीच राहिलं, कोनाड्यात. गावात मराठी वाचणारे दोघं-तिघं होते; आबांनी कुणालाच ते दाखवलं नाही, असं आई सांगते.

दिवाळीला मी गाडीतून उतरलो, तर आबा पाण्याच्या तांब्याआधी पुस्तक घेऊन आले. मी दहावं प्रकरण वाचलं. या वेळी कुठंच अडलो नाही. त्यांनी पानं मागं उलटून दुकानदाराचं चित्र काढलं.

"लय वंगाळ झालं," ते म्हणाले. "इतके दिवस त्या दुकानदाराला उगंच चोर म्हणलो."

मग हसून पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. "आता पुन्हा पहिल्यापासून वाच. डावीकडून."