परक्या मुलखातले भाऊ

काल वाचनालयाच्या अंगणात परदेशातल्या यादवीचा सिनेमा दाखवला. दोन सख्खे भाऊ दोन फौजांत, आई मधल्यामध्ये मेली. भाषा कळली नाही, तरी मी ढसाढसा रडलो. शेजारचा दोस्त म्हणाला, "म्हाताऱ्या, वहिनी गेल्या तेव्हा तर दगड होतास!"

खरं आहे. बायकोच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. लोक म्हणाले, "धाकट्या भावाशी बोलेन, असं कबूल कर, शिवेल." तिची तेवढीच इच्छा राहिली होती. मी दर्भाचा कावळा करून शिववला.

परक्या मुलखातल्या भावांसाठी रडायला काय लागतं? माझा भाऊ चार खुर्च्या सोडून बसला होता. दिवे लागले तेव्हा तोही डोळे पुसत होता. मी वाकून चपला शोधत राहिलो. त्या पायातच होत्या.