खिडकीखालची रेघ

दुसऱ्याच्या डोळ्यांची आमच्या आबांइतकी काळजी घेणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि यात मी डोळ्यांचे डॉक्टरही धरतो. आबा डॉक्टर नव्हते. मूळचे शिंदखेड्याकडचे, पिंप्राळ्यात आमच्या शेजारी राहणारे, स्वतःच्या ट्रकचे स्वतःच ड्रायव्हर. ट्रक त्यांनी घेतला तेव्हाच जुना होता आणि आम्ही शेजारी राहायला गेलो तोवर त्याला पार म्हातारपण आलं होतं. रावेरकडे केळी भरायची आणि धुळ्याच्या रस्त्याला लागायचं, हा त्यांचा नेम. त्या रस्त्यावर तेव्हा बहुतेक ट्रकवाले समोरच्याला आंधळं करायचंच अशा ईर्ष्येने दिवे लावत. ज्याचा उजेड झाडाच्या शेंड्यावर पडेल तो खरा गडी, अशी एकंदर समजूत. आबांच्या ट्रकचा उजेड मात्र खाली मान घालून, रस्त्याची डावी कड धरून जायचा. कुणी चेष्टा केली की ते म्हणत, "समोरथून येस तोबी कोनाना तरी बाप शे."

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसे, स्क्रू-ड्रायव्हर असे. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात नवरदेवाच्या जीपचे दिवे पुढे चालणाऱ्या बँडवाल्यांच्या तोंडावर पडत होते. क्लॅरिनेटवाला डोळे मिटून वाजवत होता. लोकांना वाटलं, रंगलाय. आबांनी वरात थांबवली, जीपसमोर उकिडवे बसले आणि दोन्ही दिवे खाली करूनच उठले. मुहूर्त टळायची वेळ आली तरी नवरदेवाचा बाप काही बोलला नाही, कारण आबांच्या हातात तेव्हा त्याच्या जीपचा दिवा होता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आबांनी ट्रकचे मिणमिणते पिवळे दिवे काढून हॅलोजन बसवायचं ठरवलं. दुसरा कुणी असता तर नवा बल्ब घालून मोकळा झाला असता. आबांनी आतले काळवंडलेले आरसे बदलले, काचा बदलल्या, आणि जुन्या बारीक वायरीतून नव्या बल्बला पुरेशी वीज पोचत नाही म्हणून बॅटरीपासून थेट जाड वायर ओढून मध्ये रिलेचा खटका बसवला. हे सगळं त्यांनी मला सांगितलं, माझ्या बायकोला सांगितलं, आणि दूध घालायला आलेल्या दूधवाल्यालाही इतकं सांगितलं की पुढचे दोन दिवस तो आमच्याकडे मागच्या दाराने आला.

पण दिवे बसवणं हे निम्मंच काम. खरा सोहळा दिवे लावून रेघेला बसवण्याचा, आणि तो आमच्या भिंतीवर होई. घराच्या बाजूला मोकळा प्लॉट होता, जमीन सपाट, आणि त्याच्याकडे आमच्या स्वयंपाकघराची पांढरी भिंत. पंचवीस फुटांवर ट्रक उभा करून आबांनी भिंतीवर कोळशाने दोन फुल्या काढल्या होत्या, ट्रकच्या दिव्यांच्या उंचीच्या. त्याखाली चार बोटांवर एक आडवी रेघ. डिपरचा, म्हणजे खालच्या झोताचा, उजेड त्या रेघेच्या वर तसूभर जाता कामा नये. रेघेच्या जरा वरच आमची स्वयंपाकघराची खिडकी. दिवाळीला भिंतीला चुना द्यायचा तो एवढी जागा सोडून. मी कुरकुर केली तर आबा म्हणाले, "भिंत तुमनी शे मास्तर, पन रेघ मनी शे."

शिवाय आबांचं म्हणणं असं, की रिकाम्या गाडीवर दिवे लावणं म्हणजे उपाशीपोटी सदऱ्याचं माप देणं. माल भरला की ट्रक मागून बसतो, पुढून नाक वर करतो आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. म्हणून ते संध्याकाळी गल्लीत उभे राहून ओरडत, "बठ्ठा जन बठा रे गाडीमा!" आणि खरोखरच सगळी गल्ली ट्रकमध्ये बसे. भाजी निवडणाऱ्या बायका परातीसकट चढत. मी विज्ञानाचा मास्तर. मी हिशेब करून सांगितलं, की आपण तीस जण मिळून केळीच्या पावपट वजनसुद्धा भरत नाही. आबा म्हणाले, "तुम्हीन शाळामा शिकाडा. आठे बठा." मी बसलो. मग उरलेल्या केळीच्या नावाने त्यांनी दिवे अंदाजाने आणखी एक बोट खाली घेतले. माझं विज्ञान त्यांनी ऐकलं होतं, फक्त मान्य केलं नव्हतं.

नवे दिवे छान लागले. वर्ष-दोन वर्षं गेली आणि आबा कुरकुरायला लागले. बल्ब हलक्या दर्जाचे निघाले म्हणाले. बदलले. मग काच धुरकट म्हणाले, ती बदलली. मग बॅटरीला शिव्या दिल्या. शेवटी आमच्या भिंतीवर घसरले. भिंत मळली म्हणून उजेड उमटत नाही म्हणाले. मी मुकाट्याने चुना दिला, रेघ सोडून.

त्या संध्याकाळी पुन्हा गल्ली ट्रकमध्ये बसली. मी मात्र भिंतीजवळ होतो. आबा दिव्याजवळ वाकून स्क्रू फिरवत होते, उजेड वर येत होता. फुल्यांपाशी आला, फुल्या ओलांडून वर गेला. मला वाटलं, आता खाली आणतील. एवढ्यात खिडकीतून माझ्या बायकोचा आवाज आला, "अहो आबा! डोळे दिपले ना माझे! तव्यावरची भाकरी दिसेना मला!" ती डोळ्यांवर पदर धरून उभी होती. आबा हसले, "काय जायं माय? रेघवर तर शे उजेड." ट्रकमधल्या लोकांनाही वाटलं, आबा गंमत करतायत. सगळे हसले.

मी हसलो नाही. आबा भिंतीकडे बघत होते, पण त्यांची नजर रेघेवर नव्हती, रेघ जिथे असायची तिथे होती. बल्ब चांगले होते, काच चांगली होती, आमची भिंतही चांगली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ते केळी भरायला निघणार होते. त्या क्षणी गप्प राहणं फार सोपं होतं. आणि खोटं कशाला सांगू, गप्प राहावंसं मला वाटलं. मग मी त्यांच्याजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "आबा, उजेड खिडकीत गेलाय."

ते भिंतीपाशी गेले. हाताने चाचपून रेघ शोधली, रेघेपासून वर वीत लावून बघितली. चेहरा अगदी जवळ नेला तेव्हा त्यांना खिडकी आणि माझी बायको दिसली. "कितला दिन व्हयनात, कोन जाने," एवढंच म्हणाले. किती दिवस आपण असेच रस्त्याने जातोय, आणि किती जणांच्या डोळ्यांत, हे त्यांना म्हणायचं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली. मला ट्रक चालवता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन धुळ्याला झालं. एक डोळा चांगला आला, दुसरा तितकासा नाही. पट्टी सुटल्यावर भिंत बघून म्हणाले, "चुना वाईट शे मास्तर." गाडी मात्र पुन्हा चालवली नाही, कुणी सांगायची वेळ त्यांनी येऊ दिली नाही. चाळीसगावच्या एकाने ट्रक घेतला. न्यायला आला त्या संध्याकाळी आबांनी त्याला तासभर थांबवून ठेवलं, गल्लीला शेवटचं गाडीत बसवलं आणि दिवे रेघेला लावून दिले. स्क्रू त्यांनी फिरवला, रेघ मी बघितली.

आबा मग शिंदखेड्याला मुलाकडे राहायला गेले. पुढच्या थंडीत मी धुळ्याहून स्कूटरने परत येत होतो, पारोळ्याच्या अलीकडे दिवस बुडाला. समोरून येणारा प्रत्येक ट्रक मला आंधळं करून जात होता. मी दर वेळी कडेला थांबायचो. एक ट्रक आला, आणि मला थांबावंच लागलं नाही. रस्ता दिसत राहिला, खड्डे दिसत राहिले, माझी कड मला दिसत राहिली. तो गेल्यावर मला उमगलं.

शिंदखेड्याला गेलो तेव्हा आबांना हे सांगितलं. नंबर बघायला सुचलं नाही, तेव्हा ट्रक त्यांचाच होता असं छातीठोक सांगता येणार नाही, हेही मास्तरकीच्या सवयीने सांगितलं. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "उजेड डोयामा उना का?"

"नाही, आबा. डोळ्यांत नाही आला."

"मंग मनीच गाडी व्हती ती," आबा म्हणाले, आणि सदऱ्याच्या खिशातला स्क्रू-ड्रायव्हर नीट करून पुन्हा खोचला.