तळातल्या माशांचा चारा

अर्धांगवायूचा झटका आला आणि मेंढरांमागं उभा मुलूख तुडवलेला सूर्यभान मुकुंदवाडीतल्या दोन खोल्यांत आडवा झाला. बापाचा जीव रमावा म्हणून लेकानं, रामकिसननं, फिश टँक आणून खाटेशेजारी ठेवला. नव्याचे नऊ दिवस झाले, लेक कंपनीच्या पाळीत गुंतला आणि टँक पडला आईच्या, सखूबाईच्या गळ्यात. नवऱ्याचं अंग पुसण्यापासून आठवड्यानं येणारं नळाचं पाणी भरून ठेवण्यापर्यंत सगळं आधीच तिच्याकडं. त्यात माशांचे लाड वेगळे! त्या पाण्याला औषधाचा वास, म्हणून ते आधी बादलीत मुरू द्यायचं आणि मग थोडं थोडं टँकमध्ये ओतायचं. बाई अगदी पिचून गेली होती.

खाट बुटकी. कुशीवर पडलेल्या सूर्यभानला टँकचा फक्त तळ दिसायचा. वर रंगीबेरंगी गप्पी मिरवत असायचे; त्याच्या वाट्याला आले ते वाळूत मिशा खुपसून फिरणारे पाच मातकट मासे. पण त्याला तेवढे पुरायचे. दिवसभर तो त्यांनाच न्याहाळत पडायचा.

मग त्यातले एकेक मरू लागले. तिसरा गेला तेव्हा सूर्यभाननं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि पेजेचा घोटसुद्धा घेईना. उरलेले दोन गेले तर हा माणूसही हातचा जाईल, हे सखूबाईला स्पष्ट दिसत होतं. तिनं वाळू धुतली, पाणी बदललं, बिरोबाला नवस बोलली. तरी माशांची पोटं खपाटीला गेलेलीच.

चारा तर ती रोज टाकत होती. तो वरच्या वर गप्पी फस्त करायचे. पण तळातले मासे उरलंसुरलं खाऊन जगतात, असा तिचा हिशेब. हिशेब आला कुठून म्हणाल, तर तिच्याच ताटातून. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर टोपलीत राहील ते खायचं, नाही राहिलं तर तांब्याभर पाणी प्यायचं. लग्न होऊन आल्यापासून ती अशीच जगली होती. त्यानं ती मेली का? नाही ना? मग माशांनाच काय धाड भरली होती?

त्या संध्याकाळी ती चारा टाकायला आली तेव्हा सूर्यभाननं धडधाकट हात हलवून तिला थांबवलं. मोठ्या कष्टानं शब्द जुळवत तो म्हणाला, "खाली काईच येत नाय... लंगड्या कोकराला कसं, येगळं घालायचो आपण."

टँकच्या दुकानदारानं तळातल्या माशांसाठी दिलेल्या जड गोळ्या डब्यात तशाच पडून होत्या. तिनं टँकचा दिवा मालवला. गप्पी थंडावल्यावर एक गोळी कोपऱ्यात सोडली. ती सरळ तळाला गेली. जरा वेळानं दोन्ही मासे आले आणि गोळीला भिडले. सखूबाई तिथंच फरशीवर टेकली. उठायचं त्राण नव्हतं.

सूर्यभान माशांकडं बघत नव्हता. तिच्याकडं बघत त्यानं विचारलं, "तू जेवलीस?"

सवयीनं 'व्हय' ओठांवर आलं होतं.

"नाय," ती म्हणाली. "सकाळपून नाय." आणि हे आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं, म्हणून तिला रडू कोसळलं.