गुराप्पाच्या म्हशीला पाणी किती लागतं

सकाळी सकाळी एखादी म्हातारी खोकावी तसा गुराप्पाच्या गाडीचा सेल्फ आवाज करायचा. खर्र, खर्र, मग बराच वेळ गप्प, अन् परत खर्र. त्या आवाजाला कितीतरी वर्षं झाली. उदगीरच्या आमच्या टॅक्सी स्टँडवरचे किस्से मिस्त्रीच्या दुकानामागं जुने टायर साचावेत तसे साचलेत. टाकवत नाहीत, अन् कामालाही येत नाहीत.

आम्ही गाड्यांना कंपनीच्या नावानं कधी हाक मारली नाही. गोल, जड, सावकाश चालणारी ती म्हैस. छोटी, चपळ ती शेळी. माझी जीप होती, तिला सगळे घोडं म्हणायचे. कुठली गाडी चांगली, यावर रोज वाद. एकदा एका अडत्यानं याकूब मिस्त्रीला विचारलं, "मिस्त्री, खरं सांगा, कुठली गाडी घेऊ?"

याकूबभाई नटबोल्ट रॉकेलमध्ये धुवत होता. म्हणाला, "जी माझ्याकडं कधीच येत न्हाई, ती चांगली." थोडं थांबून म्हणाला, "पण शेटजी, तुम्ही दुसरी घ्या. मला लेकरं हायत."

*

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आमचा धंदा वाढला. जो तो कलेक्टर ऑफिसला निघालेला. मोठ्या माणसांना म्हैस लागायची, काचा लावून बसता येतं म्हणून. जीपमध्ये धुरळा फार.

एकदा एक सरपंच नाइलाजानं माझ्या जीपमधून गेले. गावाला पाण्याचा टँकर मागायचा होता. लातूरला उतरले तेव्हा धोतर, टोपी, मिशा, सगळं मातीच्या रंगाचं. मला वाटलं, आता शिव्या खातो. पण आत साहेबानं त्यांच्याकडं बघितलं अन् अर्ज वाचायच्या आधीच म्हणाला, "बसा, बसा. पाणी घ्या."

टँकर मंजूर झाला. तेव्हापासून सरपंच लोक स्टँडवर येऊन सांगायचे, "टँकर मागायचाय, जीपच द्या."

*

दुष्काळ पडला अन् गाडी पारखायची रीत बदलली. आधी लोक तेल किती खाते विचारायचे, आता पाणी किती पिते ते विचारू लागले. शेळीला तांब्याभर पुरायचं. घोड्याला लातूरपर्यंत लागायचंच नाही. गुराप्पाच्या म्हशीला मात्र घागर. तिचं रेडिएटर याकूबभाईनं इतक्या वेळा डागलं होतं की मूळचा पत्रा शोधावा लागायचा.

वाटेवरच्या विहिरीवर बायका तोडून बोलायच्या, "माणसाला न्हाई, अन् ह्याच्या म्हशीला पाजायचं व्हय?"

म्हणून गुराप्पानं एकदा खोटं सांगितलं, "यव्वा, मला तहान लागली." त्या बाईनं तांब्या भरून दिला अन् समोर उभी राहिली. तो प्याला. तिनं अजून दिला. तोही प्याला. तिसरा कसाबसा संपवून तो पोट धरत गाडीकडं आला. मला म्हणाला, "माणिक, माझं झालं. म्हशीचं राहिलं."

*

मग त्याची बायको म्हशीसाठी अंघोळीचं पाणी गाळून ठेवू लागली. याकूबभाईनं झाकण उघडलं तर आत फेस.

"गुराप्पा, म्हशीला न्हाऊ घातलंस काय?"

सगळे हसले. याकूबभाई मात्र हळूच म्हणाला, "इक आता हिला. तुझी लेक बाळंतपणाला आलीय. येळंला ही दगा दील."

गुराप्पा म्हणाला, "दुष्काळात सगळे जनावरं इकायलेत. मी न्हाई इकणार. अन् लेक माझ्याच गाडीतून जाईल."

*

लेकीचं नाव महानंदा. पहिलंच बाळंतपण. एका सकाळी कळा सुरू झाल्या, उदगीरच्या डॉक्टरांनी लातूरला न्यायला सांगितलं. मी जीप दारात लावली.

"जीपमंदी धक्के बसतील," गुराप्पा म्हणाला. "म्हैस अलगद न्हेती."

ते खरंच होतं, म्हणून मी वाद घातला नाही. पाण्याची घागर मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसलो. मागं महानंदा, आईच्या मांडीवर डोकं ठेवून.

अर्ध्या वाटेवर घागर संपली. नळेगावच्या अलीकडं म्हैस वाफा टाकत उभी राहिली. दुसरी गाडी दिसेना.

नदीच्या कोरड्या पात्रातून एक बाई येत होती. वाळूत झिरा उकरून भरलेला हंडा डोक्यावर. गुराप्पा तिच्यासमोर गेला अन् गाडीकडं बोट दाखवलं. तिनं गाडीत डोकावून बघितलं अन् हंडा खाली ठेवला.

"घाला," म्हणाली.

इंजिन निवेपर्यंत थांबावं लागलं. तेवढा वेळ ती पदर भिजवून महानंदाच्या कपाळावर धरून बसली. निघताना गुराप्पाला म्हणाली, "अण्णा, काय झालं ते येताना सांगून जावा."

लातूरला महानंदा वाचली. बाळ रडलंच नाही. गुराप्पानं डॉक्टरांना एकच विचारलं, "साहेब, जरा आधी आलो असतो तर?"

डॉक्टर म्हणाले, "आता लेकीकडं बघा."

घरी सोडलं त्या दिवशी गुराप्पानं दवाखान्याच्या नळावर घागर काठोकाठ भरली. "त्या बाईचं पाणी द्यायचंय," एवढंच बोलला. मी वाटभर ती घागर हिंदकळू दिली नाही.

त्याच ठिकाणी म्हैस थांबवली. बाई झोपडीतून हात पुसत आली.

"काय झालं, अण्णा?"

गुराप्पानं घागर तिच्यापुढं ठेवली. मान वर केली नाही. तिनं मागच्या सीटकडं बघितलं. महानंदा खिडकीला टेकून बसली होती. मांडीवर नुसते दोन हात.

बाईनं वाकून घागर उचलली अन् गाडीच्या पुढं गेली. माझ्याकडं बघितलं. मी बॉनेट वर केलं, फडक्यानं झाकण फिरवलं. तिनं सगळं पाणी आत ओतलं, थेंबही बाहेर सांडू न देता. रिकामी घागर महानंदाच्या पायाशी ठेवली, झोपडीतून आपला हंडा घेतला, अन् कोरड्या नदीकडं चालू लागली.